आभाळाचा उजवा कोपरा

ऑक्टोबर आला की बदलापुरातला उजेड एकदम कोरडा होतो. हेंद्रेपाड्यात आमच्या इमारतीसमोर कुंपणाची भिंत आहे. पावसाळ्यात तिच्यावर चढलेलं शेवाळ या दिवसांत आधी तपकिरी पडतं, मग पापुद्रे धरून सुटायला लागतं. चार महिने घरात पंख्याखाली वाळलेले कपडे पुन्हा गॅलरीत जातात आणि त्यांचे खरे रंग कळतात. काळा समजून वापरलेला दुपट्टा गडद निळा निघतो. सावल्यांना कड येते.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर उजवीकडे एक फिकट पट्टा उमटला. मी आधी काय केलं, तर टेबलावर आसपास स्पीकर ठेवलेला आहे का ते पाहिलं. आताच्या सपाट पडद्यांना चुंबकाने काही होत नाही, हे मला माहीत आहे. तरी पाहिलं. नंतर पट्टा आपोआप गेला. का आला आणि का गेला, ते समजलं नाही. वर्तमानपत्रात आमच्या डेस्कवर अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असायचं: कारण कळू शकले नाही. आगीच्या, अपघाताच्या, कोसळलेल्या छपराच्या बातमीखाली हे वाक्य टाकलं की बातमी पूर्ण होत असे. मी ते पुष्कळदा लिहिलं. सगळ्यात आधी ते मनात आलं होतं तो ऑक्टोबर नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा. तेव्हा आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहत होतो.

घरात चौघे. आई, वडील, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी त्या वर्षी एका जिल्हा दैनिकात लागले होते. माझी पाळी संध्याकाळची, त्यामुळे दिवसा मी घरी असे. मिलिंद पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने एका ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला होता. अभ्यासासाठी, असं त्याने सांगितलं. अभ्यास केव्हा झाला माहीत नाही, पण पहिल्याच आठवड्यात त्यावर विमानाचा एक खेळ आला. मित्राकडच्या फ्लॉप्या कॉपी करून आणलेल्या होत्या, आणि त्यातली एक अर्धवट वाचली जायची. तिला आईच्या पदराने पुसून पुन्हा आत घातलं की वाचली जायची. पदराचा आणि फ्लॉपीचा संबंध काय, हे कोणी विचारलं नाही.

खेळ साधा होता. खाली समुद्र, वर आभाळ, मध्ये विमान. आभाळ एकाच निळ्या रंगाचं, ढग नसलेलं. पुढे एक पूल यायचा. पूल आला की विमानाचे आडवे तुकडे व्हायचे, पंख एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. आभाळात इंग्रजी अक्षरं आणि आकडे पसरायचे, स्पीकरमधून एकच सूर लांबत जायचा आणि यंत्र अडकायचं. मग मागचं बटण बंद करून सगळं पहिल्यापासून. मिलिंदने टर्बोचं बटण बंद करून यंत्राचा वेग कमी करून पाहिला. विमान रांगत पुलापाशी पोचलं आणि तिथेच तुटलं. पुलापलीकडे काय आहे, ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मिलिंदला मात्र ते माहीत करून घ्यायचंच होतं.

अण्णा एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात शेड मॅचिंगला होते. काम सांगायला सोपं आहे. ग्राहकाने पास केलेल्या नमुन्याची पट्टी आणि आज तयार झालेल्या मालाची पट्टी शेजारी शेजारी धरायची, उत्तरेच्या खिडकीशी उभं राहायचं आणि दोन्ही एक आहेत की नाहीत ते सांगायचं. एक नसतील तर कुठे चुकलं तेही सांगायचं: लाल मारतोय, हिरवट जातोय, मळलाय. अण्णांनी ‘लावा’ म्हटलं की माल पिंपात भरला जाई. ‘थांबा’ म्हटलं की अख्खा लॉट थांबे. त्यांच्यापेक्षा कमी शिकलेले, जास्त शिकलेले, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहत. हे डोळे म्हणजे त्यांची नोकरी होती. तिच्यात दुसरं काही नव्हतं.

पावसाळ्यात ते वैतागलेले असत. ढगाळ उजेडात रंग खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. ट्यूबलाइटखाली तर रंगाबद्दल बोलूच नये. ते ऑक्टोबरची वाट बघत. दसऱ्याच्या आसपास एखाद्या सकाळी गॅलरीत चहा घेता घेता ते समोरच्या भिंतीवरची आपल्या हाताची सावली बघत आणि म्हणत, “आला. मॅचिंगचा उजेड आला.”

आईला साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा तर उल्हासनगरच्या बाजारात त्यांना बरोबर न्यावं लागे, आणि नेल्याचा पश्चात्तापही करावा लागे. दुकानातला ताका ते उचलून बाहेर रस्त्यावर उजेडात नेत. मागून दुकानदार. एकदा एक सिंधी दुकानदार कपाळाला हात लावून आईला म्हणाला होता, “भाभीजी, साहेबको कपडा लेना है के कपडेकी शादी करानी है?” अण्णा शांतपणे म्हणाले, “पत्रिका जुळत नाही. दुसरा दाखवा.”

त्या वर्षी उजेड आला, पण माल परत यायला लागला. निळा. एकदा आला, पुन्हा आला. ग्राहक म्हणे, हिरवट मारतोय. अण्णा म्हणत, नाही मारत. जेवताना ताटावर हा विषय निघे आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं असे. कच्चा माल बदललाय. खिडकीसमोर नवी शेड उभी राहिलीय, तिच्या पत्र्याची झाक येते. ग्राहकाचीच पट्टी जुनी होऊन उडालीय. सगळी कारणं पटण्यासारखी होती. आई ऐकायची आणि आमटी वाढायची. एकदा फक्त म्हणाली, “अहो, सगळीकडेच कशी चूक होईल?” अण्णा म्हणाले, “होते. ऑक्टोबरात आठवड्यातून एकदा तरी सगळीकडेच होते.” आम्ही हसलो. ते हसले की नाही, आठवत नाही.

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजायची. आईचं शिवणयंत्र, मिलिंदचे ड्रॉइंगचे कंपास, माझं एक पेन आणि अण्णांची रंग घोटायची लवचीक पट्टी. ती ते पूजेपुरती घरी आणत आणि दुसऱ्या दिवशी परत नेत. त्या वर्षी कॉम्प्युटरही अवजार ठरला. तो हलवायचा कसा, म्हणून पूजाच त्याच्याकडे गेली. पाटासाठी जागा हवी, तेव्हा अण्णांच्या टेपरेकॉर्डरचा लाकडी स्पीकर उचलून पडद्याच्या उजव्या कुशीला सारला. पडद्याच्या माथ्यावर कुंकू लागलं. झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी आपट्याचं पानही खोचलं. स्पीकरमधून आरती वाजत होती. यंत्राला सगळं यथासांग मिळालं.

दसऱ्यानंतर मिलिंदने खेळ लावला, तर आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा डाग. हिरवा म्हणजे पोपटी नव्हे. समुद्र उथळ असतो तिथला हिरवा. निळं आभाळ चालत चालत त्या कोपऱ्यात जायचं आणि तिथे हिरवं होऊन बसायचं.

मिलिंदने कॅबिनेट उघडलं. आत तांदळाचे दाणे, झेंडूची पाकळी आणि आपट्याच्या पानाचा तुकडा सापडला. त्याने आईला बोलावून दाखवलं.

“आई, हे बघ. देवाचा प्रसाद सर्किटवर.”

“मग काढ ना. देवाने का टाकलाय? मी टाकलाय.”

त्याने काढलं. डाग राहिला आणि पुलाशी विमान तुटणंही राहिलं. आता दोन बिघाड झाले, आणि ते एकाच कारणाचे की दोन, हे ठरेना. त्यात तिसरं होतं. आमच्या खोलीची मागची बाजू रुळांकडची. गाडी जोर घेऊन निघाली की पडद्यावरचं चित्र किंचित डोलायचं, पाण्यात बघितल्यासारखं, आणि गाडी लांब गेली की स्थिर व्हायचं. आधी आम्हाला ते डोळ्यांचे खेळ वाटले. मग मी आणि मिलिंद शेजारी बसून पाहू लागलो. एकाला दिसलं की दुसऱ्याने ‘हो’ म्हणायचं. पण दोघांनी ठरवून बघायला घेतलं की साध्या स्थिर चित्रातही काहीतरी हलतंय असं वाटे.

अण्णा कारखान्यातून आले. मिलिंद म्हणाला, “अण्णा, हा डाग बघा. हिरवा.”

अण्णा चप्पल न काढता वाकले. “कुठे?”

“हा काय. उजवीकडे.”

“आभाळ आहे ते.”

“अण्णा, मस्करी नको.”

“अरे, आभाळच आहे. चांगलं आहे की. तुला पूल पार होत नाही म्हणून आभाळात चुका काढतोस?”

आम्ही हे थट्टेवर नेलं. घरात रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द अण्णांचा असे. ते आम्हाला चिडवताहेत, याशिवाय दुसरं काही सुचण्याचं कारण नव्हतं. पुढचे काही दिवस तोच खेळ झाला. मिलिंदने डाग दाखवायचा, अण्णांनी ‘आभाळ आहे’ म्हणायचं. मिलिंद मला म्हणाला, “ताई, सांग ना त्यांना.” मी सांगितलं. अण्णा म्हणाले, “तू पेपरवाली. तुला कुठेही डाग दिसणार.”

मग किशनभाई आले. उल्हासनगरात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि अलीकडे ते कॉम्प्युटरही उघडायला लागले होते. जाड, गोरे, बोलके. यंत्राला हात लावण्याआधीच ते निदान करत आणि निदान नेहमी एकच असे.

“अर्थिंग.”

“पण डाग फक्त कोपऱ्यात आहे,” मिलिंद म्हणाला.

“तर कोपऱ्याची अर्थिंग.”

त्यांनी अर्थिंग पाहिलं, ते ठीक होतं. त्यामुळे त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी मेमरीच्या पट्ट्यांची अदलाबदल केली, केबल उलटसुलट केली, आणि चित्राचं कार्ड उपसून उजेडात धरलं. त्याच्या कडेचे सोनेरी दात काळपट झाले होते. त्यांनी माझ्याकडे शाळेचं खोडरबर मागितलं आणि दात घासायला लागले.

“इकडे सगळ्यांचं असंच होतं,” ते म्हणाले. “कल्याणपलीकडे नाही होत. हवा है ना इधरकी.”

संध्याकाळी कारखान्यांकडून वारा आला की नाकात झोंबणारी ती हवा आम्हाला परकी नव्हती. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन आई सारखं घासायची आणि ते पुन्हा काळं पडायचं. तिला ते निरांजनाचं लक्षण वाटे.

घासलेलं कार्ड परत बसवलं. विमान पुलापर्यंत गेलं आणि तुटलं. किशनभाई म्हणाले, “आता पहिल्यापेक्षा बरं तुटतंय.”

अण्णा त्या दिवशी घरीच होते. किशनभाईंनी त्यांना बोलावलं. “साहेब, तुम्ही तो कलरवाले. ये ग्रीन पॅच किधरसे आया बोलो.”

“पॅच कुठे आहे?”

किशनभाईंना हे विनोदी वाटलं. “क्या साहेब. पडोसका बच्चाभी देख लेगा.”

मिलिंद डागाकडे बोट दाखवत उभा होता. पडद्याकडे बघण्याआधी अण्णांनी त्या बोटाकडे पाहिलं. ते अजून उजवीकडेच होतं. मग म्हणाले, “हो. आहे खरा. उजवीकडे.” आणि आत गेले.

हे मी पाहिलं. पण पाहिलं म्हणजे कळलं असं नव्हे. मला वाटलं, परक्या माणसासमोर त्यांनी थट्टा आवरती घेतली.

जाता जाता किशनभाईंची नजर स्पीकरवर गेली. त्यांनी तो उचलला, पाठ पाहिली आणि लांब नेऊन ठेवला. स्पीकरात चुंबक असतं. पडद्याच्या आत एक जाळी असते आणि चुंबक जवळ राहिलं की ती जाळी स्वतःच चुंबकासारखी वागू लागते. मग निळ्यासाठी निघालेला किरण हिरव्यावर जाऊन पडतो. हे त्यांनी मिलिंदला समजावलं आणि मिलिंदने मला. स्पीकर काढून डाग गेला नाही. दुसऱ्या दिवशी ते तांब्याच्या तारेची एक मोठी कडी घेऊन आले आणि ती विजेला जोडून पडद्यासमोर आरतीसारखी फिरवली. पडद्यावर इंद्रधनुष्य घुसळलं गेलं, आणि ते थांबलं तेव्हा आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं होतं. आई दारात उभी होती. म्हणाली, “आरती करूनच आला होता, आरती करूनच गेला.”

अण्णा संध्याकाळी आले तेव्हा खेळ चालू होता. मी ऑफिसला निघत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते पडद्याशी थांबले, मान तिरकी करून उजवा कोपरा पाहिला आणि म्हणाले, “हं. डाग आज कमी आहे. अजून आहे थोडा.”

मी चप्पल घालत होते, ती तशीच राहिली. आईने गॅस बंद केला, ते ऐकू आलं.

त्या आठवड्यात कोणी कोणाशी या विषयावर बोललं नाही. बोलायचं काय, हेच ठरत नव्हतं. आधी बिघाड पडद्यात होता, मग कार्डात, मग हवेत, मग रुळांच्या बाजूला. आता तो आणखी कुठेतरी होता. पण पडदा खरंच पूर्ण नीट झालाय का? मी दिवसा एकटी असताना खेळ लावून उजव्या कोपऱ्याकडे बघत बसायचे. बराच वेळ निळ्याकडे पाहिलं की निळं हलकं हलकं होत जातं आणि त्यात हवा तो रंग दिसायला लागतो. मला एकदोनदा हिरवं दिसलं. मग मी डोळे मिटून पुन्हा पाहिलं. तेव्हा नव्हतं.

दिवाळी आली. आमच्याकडे आकाशकंदील दरवर्षी घरी होत असे आणि दरवर्षी निळा. कागद आणायचं काम अण्णांचं. ते उल्हासनगरहून गुंडाळी घेऊन आले, टेबलावर उलगडली आणि म्हणाले, “यंदा चांगला निळा मिळाला.”

कागद हिरवा होता. उथळ समुद्राचा तोच हिरवा.

आईने त्याच्याकडे पाहिलं, कात्री घेतली आणि कापायला बसली. ती एरवी कंदील करताना अण्णांशी वाद घालायची, पाकळ्या लांब का, शेपट्या किती. त्या दिवशी नुसती खळ लावत राहिली. मिलिंदने काड्या बांधल्या. कंदील गॅलरीत टांगला, दिवा लावला. खालून शेजारच्या काकू ओरडल्या, “काय वहिनी, यंदा रंग बदलला?” आई वाकून म्हणाली, “हो. म्हटलं बदल.” अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी कंदिलाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग आईकडे. तेव्हा त्यांना कळलं असावं. ते आत आले आणि पंखा लावून बसले. थंडी सुरू झाली होती.

डॉक्टर उल्हासनगरचे. मी बरोबर गेले. त्यांनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडलं. पानापानावर ठिपके होते आणि त्यांत लपलेले आकडे. अण्णा काही पानांवर पटकन सांगत आणि काही पानांवर इतका वेळ थांबत, की मी मनातल्या मनात आकडा म्हणायला लागे. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण एवढ्याने एवढं व्हायला नको. साखर बघून घ्या. वयही झालंय. कामावर कसले वास येतात?

“वास?” अण्णा म्हणाले. “वास कसले? काही नाही येत.”

मी त्यांच्या शर्टाशेजारी बसले होते. मला येत होता. घरात आम्हा सगळ्यांना येत असे आणि तो आम्हाला अण्णांचाच वास वाटे.

डॉक्टरांनी काही दिवस कारखान्यातल्या रंगाच्या विभागापासून लांब राहायला सांगितलं. नक्की कशामुळे झालं, असं मी विचारलं. प्रश्न माझ्या धंद्याचाच होता. ते म्हणाले, “सांगता येत नाही. सगळ्याचं थोडं थोडं असेल.” मला किशनभाई आठवले. निदान त्यांना एक शब्द तरी ठाऊक होता.

अण्णांनी साठलेली रजा काढली. दिवसभर घरात असणारे अण्णा आम्हाला नवीन होते. ते मिलिंदचा खेळ बघत बसत, पण पडद्यापेक्षा कीबोर्डवरच्या त्याच्या हातांकडे जास्त. गाडी गेली आणि चित्र डोललं की म्हणत, “हे मला दिसतं हां.” कारखान्यातून निरोप आला. साहेब म्हणाले होते, घाई नाही, पण परत यायचं तेव्हा सरळ मॅचिंगच्या टेबलावरच या, निळ्याचा मोठा लॉट आहे. रजा संपत आली.

शेवटच्या रविवारी सकाळी अण्णा मिलिंदला म्हणाले, “तो स्पीकर आण. डाग परत पाड.”

“कशाला?”

“मला बघायचंय, दिसतो का.”

मिलिंद स्पीकर घेऊन आला आणि पडद्याच्या उजवीकडे ठेवायला लागला. अण्णांनी त्याला थांबवलं. “तिथे नको. तिथे मला माहितीय.”

त्याने डावीकडे ठेवला.

“आता डावीकडे माहितीय. असं नसतं रे. मॅचिंगला पट्ट्या देतात तेव्हा कुठली नमुन्याची ते सांगत नाहीत. सांगितलं की डोळे तेच बोलतात.” मग त्यांनी स्वतःच सगळं ठरवलं. स्पीकर एका बाजूला आणि तेवढाच पुठ्ठ्याचा रिकामा खोका दुसऱ्या बाजूला, दोन्हींवर चादर. कुठे काय ते मिलिंद ठरवणार. आपण तोवर गॅलरीत. आई आणि मी पण बाहेर, म्हणजे आमच्या तोंडावरून कळायला नको. मिलिंद म्हणाला, हे एकदाच करता येईल, स्पीकर फिरवत बसलो तर दोन्हीकडे डाग पडेल. अण्णा म्हणाले, “एकदाच पुरे. लॉटही एकदाच बघतात.”

गॅलरीत कंदील अजून टांगलेला होता, रंग थोडा उडालेला. ऊन स्वच्छ होतं. अण्णांनी भिंतीवर हात धरून सावली पाहिली आणि काही बोलले नाहीत. आई कठड्यावरची धूळ पदराने पुसत होती.

मिलिंदने हाक मारली. आम्ही आत गेलो. खेळ चालू होता आणि विमान सरळ सोडून दिलेलं होतं. मागून गाडी निघाली, चित्र डोलायला लागलं. अण्णांनी हात वर करून थांबायला सांगितलं. गाडी गेली. चित्र स्थिर झालं. ते पडद्यासमोर उभे राहिले, खिडकीशी उभे राहत तसे, पाय थोडे फाकून आणि मान मागे. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. डावा कोपरा. उजवा. पुन्हा डावा. तिथे निळं आभाळ इतकं उघड हिरवं झालेलं होतं, की मी जमिनीकडे बघायला लागले.

“दोन्ही कोपरे सारखे आहेत,” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, “तुला?”

“डावीकडे,” मी म्हणाले.

आई म्हणाली, “मला तर कुठेच काही दिसत नाही.”

“तू गप्प बस,” अण्णा हसून म्हणाले. “तू कंदिलाच्या वेळेलाही गप्प बसलीस.” मग मिलिंदकडे वळले. “डावीकडे?”

मिलिंदने मान डोलावली.

“मग लॉट थांबवा,” अण्णा म्हणाले. आवाज कारखान्यातला होता.

एवढ्यात मिलिंदचं लक्ष पडद्याकडे गेलं. विमान पुलावरून गेलेलं होतं. तुटलं नव्हतं, अक्षरं पसरली नव्हती, कोणी बघत नसताना ते आपलं आपण पलीकडे पोचलं होतं. कार्डाचे दात घासल्यामुळे, थंडीमुळे, चुंबक डावीकडे आल्यामुळे, की आणखी कशामुळे, ते कळू शकलं नाही. पुढेही कधी कळलं नाही, कारण नंतर ते पुन्हा तिथेच तुटायला लागलं.

“काय आहे पलीकडे?” अण्णांनी विचारलं. ते पडद्यासमोरच उभे होते.

“शेत आहे,” मिलिंद म्हणाला. “पिवळं. मोठं.”

“पिवळं,” अण्णा म्हणाले, आणि खुर्ची ओढून समोर बसले. विमान शेतावरून जात राहिलं. आम्ही सगळे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले आणि टेबलाशी न जाता साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन डोळ्यांचं सांगून आले. त्यांना भांडारात घेतलं. तिथून ते निवृत्त झाले. रंग घोटायची पट्टी ते घरी घेऊन आले, ती त्यांनी परत केली नाही, कोणी मागितलीही नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे झाली. तिने फरक पडला असं अण्णा म्हणतात, नाही पडला असं आई म्हणते. मी दोघांचंही ऐकून घेते.

आता अण्णा माझ्याकडेच असतात. आज सकाळी चहाचा कप घेऊन ते गॅलरीत गेले आणि समोरच्या भिंतीवर, शेवाळाच्या सुटलेल्या पापुद्र्यांवर, हाताची सावली धरली. आभाळ मोकळं होतं. त्यांना ते कोणत्या रंगाचं दिसत असेल, हे मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. त्यांनी सावलीची कड नीट पाहिली, बोटं मिटली, उघडली.

“आला,” ते म्हणाले. “मॅचिंगचा उजेड आला.”